हेलकाव्यांचा हिशेब ठेवणारे लॉर्ड रॅले

मोहाडी तालुक्यातल्या करडी गावी माझ्या मावशीच्या ओसरीवर एक जुनी सागवानी बंगई आहे. पुण्या-मुंबईकडे तिला झोपाळा म्हणतात. मावशी उठून आत गेली की रिकामी बंगई थोडा वेळ हलत राहते, कड्या कुरकुरतात, हेलकावे लहान होत जातात आणि मग ती थांबते. ती का थांबते हे आपण कधी विचारत नाही, कारण उत्तर ठाऊक आहे असे आपल्याला वाटते. भंडारा तर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेला जिल्हा. रिकाम्या पितळी गुंडावर टिचकी मारा, तो कितीतरी वेळ घुमतो. तोच तांदळाने भरून ठेवा आणि पुन्हा टिचकी मारा, ठक्क करून गप्प.

या गप्प होण्याला शास्त्राच्या पुस्तकात अवमंदन म्हणतात. बांधकामाच्या साइटवरचा इंजिनिअर नुसते डॅम्पिंग म्हणतो. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी तेलंगणातल्या मुलुगू भागात भूकंप झाला आणि गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपर्यंत लोकांना हादरे जाणवले. वरच्या मजल्यावरच्या लोकांना ते जास्त जाणवतात. पंखा हलतो, पाण्याची टाकी डुचमळते आणि काही क्षणांत सगळे शांत होते. ही शांतता आपोआप येत नाही. इमारतीत शिरलेली ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. तिचा खर्च झाला नाही आणि जमिनीचा ताल इमारतीच्या तालाशी जुळला, तर हेलकावा वाढत वाढत इमारतीलाच घेऊन जातो. हा खर्च कसा मांडायचा याची जी रीत आज जगभरचे इंजिनिअर वापरतात, तिला एका इंग्रज उमरावाचे नाव आहे. त्याने स्वतः भूकंपरोधक असे काहीही बांधले नव्हते.

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात झाला. घराणे जमीनदारांचे होते. टर्लिंग या गावाभोवती त्यांची हजारो एकर शेती होती. थोरला मुलगा म्हणून पुढे तिसरे लॉर्ड रॅले होणे त्यांच्या नशिबी लिहिलेलेच होते. मात्र प्रकृती तोळामासा होती. ईटन आणि हॅरो या दोन्ही नामांकित शाळांत नाव घातले, पण आजारपणामुळे दोन्हीकडे फार काळ टिकता आले नाही. अखेर एका खासगी शिक्षकाकडे राहून त्यांनी तयारी केली आणि १८६१ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे एडवर्ड राऊथ यांच्याकडे त्यांनी गणिताचा कसून सराव केला. १८६५ च्या परीक्षेत ते पहिले आले.

केंब्रिजमध्ये त्यांनी जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांची व्याख्याने ऐकली. तेलासारख्या दाट द्रवातून वस्तू सरकते तेव्हा तिला होणारा विरोध वेगाच्या प्रमाणात कसा वाढतो, याचे सूत्र स्टोक्स यांचे. या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ. स्टोक्स वर्गात प्रकाशाचे प्रयोग करून दाखवत. तरुण स्ट्रटना त्याचे वेड लागले, पण विद्यार्थ्यांना स्वतः हात घालता येईल अशी प्रयोगशाळा तेव्हा केंब्रिजमध्ये नव्हती. मग उपकरणे स्वतः विकत घेऊन त्यांनी घरीच मांडामांड सुरू केली. जमीनदाराच्या थोरल्या मुलाने पोटापाण्यासारखा भौतिकशास्त्राचा उद्योग करावा, ही त्या काळच्या सरदार-उमरावांना चमत्कारिक वाटणारी गोष्ट होती.

१८७१ हे वर्ष त्यांना धार्जिणे ठरले. आकाश निळे का दिसते याचा उलगडा त्यांनी त्या वर्षी केला. हवेतले अतिसूक्ष्म कण आखूड लांबीच्या लाटा जास्त विखुरतात, म्हणून निळा प्रकाश चहूकडे पसरतो आणि तांबडा बराचसा सरळ जातो. त्याच वर्षी एव्हलिन बाल्फोर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. एव्हलिन यांचा भाऊ आर्थर पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

आणि दुसऱ्याच वर्षी संधिवाताच्या तापाने त्यांना गाठले. हा ताप एका विशिष्ट जातीच्या जंतूमुळे घसा बसल्यानंतर काही आठवड्यांनी येतो. सांधे सुजतात, पण खरा घाव बसतो तो हृदयाच्या झडपांवर. आज पेनिसिलिनने तो टाळता येतो. आपल्याकडे अजूनही मुलांच्या वारंवार दुखणाऱ्या घशाकडे काणाडोळा होतो आणि झडपेचा दोष पुढे मोठेपणी कळतो, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवे. १८७२ मध्ये पेनिसिलिन नव्हते. डॉक्टरांपाशी विश्रांती आणि हवापालट एवढाच उपाय होता. तिशीतले स्ट्रट पत्नीसह इजिप्तला गेले आणि तो हिवाळा त्यांनी नाईल नदीवरच्या एका होडीत काढला.

दुसरा कोणी असता तर देवळे आणि पिरॅमिड पाहून परतला असता. यांनी होडीत बसून ग्रंथ लिहायला घेतला. ध्वनिशास्त्रावरचा तो ग्रंथ पुढे १८७७ आणि १८७८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नाव ध्वनीचे असले तरी त्याचा खरा विषय कंपन हा आहे. तार, पडदा, घंटा, दांडी, पत्रा, हवेचा स्तंभ, जे जे थरथरते ते सर्व त्यात आले आहे. इमारत हीदेखील जमिनीत रोवलेली एक मोठी दांडीच. त्यामुळे भूकंप-अभियांत्रिकी नावाची विद्याशाखा जन्मायच्या कितीतरी आधी तिचे गणित नाईलच्या पाण्यावर सुरू झाले होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

इजिप्तहून परतल्यावर १८७३ मध्ये वडील वारले आणि स्ट्रट लॉर्ड रॅले झाले. त्याच वर्षी कंपनांविषयीची काही सर्वसाधारण प्रमेये मांडणारा त्यांचा निबंध लंडनच्या गणित संस्थेपुढे आला. आपल्या बंगईचे उत्तर त्यात आहे.

बंगई दोन मुख्य कारणांनी थांबते. एक म्हणजे कड्यांचे घर्षण. हे घर्षण वेग कमी असो की जास्त, जवळजवळ तेवढेच राहते. अठराव्या शतकातले फ्रेंच इंजिनिअर कूलॉम यांच्या नावाने ते ओळखले जाते. दुसरे म्हणजे हवेचा विरोध, जो वेगाबरोबर वाढतो. तेलात बुडवलेल्या वस्तूला तर तो अगदी वेगाच्या प्रमाणात होतो, स्टोक्स यांनी सांगितला तसा. दोन्हींची चाल वेगळी. घर्षण म्हणजे सोसायटीच्या कर्जाचा ठरलेला हप्ता. प्रत्येक हेलकाव्यात सारखीच रक्कम वजा होते आणि एका क्षणी खाते बंद. तेलाचा विरोध म्हणजे उरलेल्या रकमेवरची टक्केवारी. प्रत्येक हेलकावा आधीच्या ठरावीक पटीत लहान होत जातो आणि कागदावर तरी तो कधीच पुरता शून्य होत नाही.

याखेरीज तिसरा प्रकार पदार्थाच्या पोटातला. लोखंडी तार वारंवार वाकवली की हाताला गरम लागते, ते हेच. आत ऊर्जा जिरते आणि तिची उष्णता होते. चौथा म्हणजे पायाखालून परत जमिनीत निघून जाणाऱ्या लाटा. एका इमारतीत हे सगळे एकाच वेळी चालू असते. विटांच्या भेगा घासतात, काँक्रीट ताणले जाते, सळई वाकते, माती दबते. प्रत्येकाचा वेगळा हिशेब मांडायला बसलो तर आयुष्य पुरणार नाही.

रॅले यांनी काय केले? प्रत्येक बलाच्या मागे धावण्याऐवजी त्यांनी सगळी खर्चाची बाजू एकाच सूत्रात गोळा केली. हलणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा एका सूत्रात मांडता येते, ताणाची साठलेली ऊर्जा दुसऱ्या सूत्रात. तसेच दर क्षणी किती ऊर्जा वाया जाते याचे त्यांनी तिसरे सूत्र केले. जमेच्या दोन वह्या होत्या, त्यात खर्चाची एक वही आली.

पण गंमत पुढे आहे. उंच इमारत एकाच प्रकारे डोलत नाही. एक डोलणे संथ असते, सगळी इमारत वाऱ्यातल्या बांबूसारखी एकीकडे झुकते. दुसरे जलद, त्यात मधला भाग एकीकडे आणि शेंडा दुसरीकडे जातो. तिसरे आणखी जलद. ऊर्जेचा खर्च आडवातिडवा असेल तर ही डोलणी एकमेकांत गुंततात आणि गणित सुटत नाही. रॅले यांनी दाखवले की खर्चाचा एक वाटा वस्तुमानाच्या प्रमाणात आणि दुसरा ताठपणाच्या प्रमाणात धरला, तर प्रत्येक डोलणे आपापले स्वतंत्र विझत जाते. वस्तुमानाचा वाटा संथ डोलण्यांना जास्त आवरतो, ताठपणाचा वाटा जलद थरथरीला. दोन आकडे ठरवले की काम झाले. आज संगणकावर इमारतीचे विश्लेषण करणारा कोणताही तरुण इंजिनिअर हे दोन आकडे भरतो आणि त्याला रॅले डॅम्पिंग म्हणतो.

हे आकडे येतात कुठून? आपल्याकडे भूकंपरोधक रचनेचे भारतीय मानक आहे, आयएस १८९३. काँक्रीटच्या इमारतीसाठी त्यात ५ टक्के अवमंदन धरतात. हे ५ टक्के कशाचे, तर हेलकावाच होऊ न देता वस्तूला गुपचूप जागेवर आणून ठेवायला जेवढे अवमंदन लागेल त्याचे. ऐकायला किरकोळ वाटते. पण ५ टक्क्यांना प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या ७३ टक्के होतो, म्हणजे पाच हेलकाव्यांनंतर सुमारे एक पंचमांश उरतो. २ टक्के असेल तर पाच हेलकाव्यांनंतरही निम्म्याहून जास्त शिल्लक. जमीन हलायची थांबलेली नसताना हा फरक फार मोठा असतो.

आणि हे ५ टक्के फुकट मिळत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती कोसळून सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडावर दगड घासताना तिथेही ऊर्जा खर्च झालीच होती, अवमंदन तिथे कमी नव्हते. पण भिंतींना बांधून ठेवणारे काहीच नव्हते आणि वर मातीच्या धाब्याचे ओझे. घासता घासता जो उभा राहतो त्याच्याच घासण्याचा उपयोग. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथल्या रिंगा जवळ जवळ बांधल्या आणि त्यांची टोके आत वळवली, तर सळई वाकून ऊर्जा गिळते आणि इमारत तगते. गवंडी कंटाळून रिंगा दूर दूर टाकतो तेव्हा कागदावरचे ५ टक्के कागदावरच राहतात.

रॅले यांच्याकडे परत जाऊ. जमीनदारी त्यांनी १८७६ मध्ये धाकट्या भावाकडे सोपवली. त्या भावाने पुढे शेतीबरोबर दुधाचा धंदा असा वाढवला की लंडनमध्ये लॉर्ड रॅले हे नाव अनेकांना दुधामुळेच माहीत झाले. १८७९ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल वारले आणि केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची जागा रिकामी झाली. तेव्हा इंग्लंडात शेतमालाचे भाव पडले होते. लॉर्डसाहेबांनाही उत्पन्नाची ओढाताण जाणवू लागली होती आणि प्राध्यापकी स्वीकारण्यामागे हेही एक कारण होते. ही जागा त्यांनी पाच वर्षे सांभाळली. ओहम, अँपिअर, व्होल्ट ही विजेची मापे काटेकोर ठरवण्याचे किचकट काम केले आणि वर्ग स्त्रियांनाही खुले केले. त्यांची मेहुणी एलिनॉर सिजविक या मापनकामात त्यांच्या बरोबरीने राबत होती. निबंधांवर तिचे नावही आहे. १८८४ मध्ये ते टर्लिंगला घरच्या प्रयोगशाळेत परतले आणि बहुतेक काम तिथेच करत राहिले.

परतल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८८५ मध्ये, त्यांनी घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लाटांचा निबंध लिहिला. अशी लाट खोल जात नाही, वरवर धावते. तिच्यात जमिनीचा कण वर-खाली आणि मागे-पुढे असा लंबगोल फिरतो. लाट खोलात न पसरता पृष्ठभागावरच पसरत असल्याने दूरवर गेली तरी ती लवकर क्षीण होत नाही, म्हणून भूकंपात तिचा मोठा वाटा असावा, असा कयास त्यांनी शेवटी नोंदवला. हाताशी एकही भूकंपाचा आलेख नव्हता, केवळ गणित होते. पुढे १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाच्या युरोपातल्या नोंदी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी तपासल्या, तेव्हा आधी येणाऱ्या दोन प्रकारच्या लाटा आणि मागून येणारी पृष्ठलाट वेगवेगळी ओळखू आली.

आरगॉनची गोष्ट बहुतेकांना शाळेत भेटलेली असते, म्हणून थोडक्यात. हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनातून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा जेमतेम अर्धा टक्का जड भरत होता. दुसऱ्याने वजनकाट्याला दोष दिला असता. रॅले यांनी तो फरक सोडला नाही आणि विल्यम रॅम्से यांच्याबरोबर १८९४ मध्ये हवेत लपलेला नवा वायू जाहीर केला. तो हवेत जवळजवळ एक टक्का आहे आणि तोवर कुणाला दिसला नव्हता. १९०४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. बक्षिसाची रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली.

त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी एक गोष्ट मात्र मुंबईशी जोडलेली आहे आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ते रॉयल सोसायटीचे सचिव असताना जुन्या दप्तरात त्यांना एक हस्तलिखित सापडले. लेखक जॉन जेम्स वॉटरस्टन, मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या उमेदवारांना शिकवणारा स्कॉटिश मास्तर. वायूचे कण सैरावैरा धावतात आणि उष्णता म्हणजे त्यांच्या धावण्याची ऊर्जा, हे त्याने १८४५ मध्ये मुंबईहून लिहून पाठवले होते. परीक्षकांनी ते निरर्थक ठरवले, निबंध दप्तरात पडून राहिला आणि वॉटरस्टनकडे त्याची प्रतही नव्हती. दरम्यान तेच सिद्धांत इतरांच्या नावे प्रसिद्ध झाले. १८८३ मध्ये वॉटरस्टन वारला. रॅले यांनी १८९२ मध्ये तो निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणला आणि सोसायटीची चूक उघडपणे मांडली. पण प्रस्तावनेत त्यांनी असेही सुचवले की अपरिचित तरुणाने आधी लहानसहान कामे करून नाव कमवावे आणि मग धाडसी कल्पना मांडाव्यात. मला हा सल्ला पटत नाही. गंमत अशी की खुद्द रॅले यांचा एक निबंध लेखकाचे नाव गळून ब्रिटिश असोसिएशनकडे गेला, तेव्हा कुणा विक्षिप्ताचे लिखाण म्हणून तो नाकारला गेला होता. नाव कळल्यावर त्याच निबंधात गुण दिसू लागले.

भुताखेतांच्या बैठकांनाही ते जाऊन बसत आणि अतींद्रिय गोष्टींचा शोध घेणाऱ्या संस्थेचे आयुष्याच्या शेवटच्या वर्षी अध्यक्ष झाले. ठाम पुरावा त्यांना कधी मिळाला नाही आणि मिळाला असे त्यांनी भासवलेही नाही.

आपल्याकडे त्यांच्या ग्रंथाचा खरा वाचक भेटला तो चंद्रशेखर व्यंकट रामन. हिशेब खात्यातल्या नोकरीत १९१० मध्ये रामन काही काळ नागपुरात होते. रॅले यांच्या ग्रंथात गोल पडद्याच्या कंपनांचे गणित आहे आणि त्यानुसार ढोलाचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. तबला आणि मृदंगाच्या पुडीवर मधोमध जी शाई चढवतात तिने ते जुळतात, हे रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. आपल्या कारागिरांनी हाताने शोधलेली ती युक्ती होती. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅले मानत. त्यावरही रामन यांनी १९२१ मध्ये जहाजाने परतताना आक्षेप घेतला आणि तो मुंबई बंदरातून लिहून पाठवला. पण तेव्हा उत्तर द्यायला रॅले नव्हते. ३० जून १९१९ रोजी टर्लिंगच्या घरी ते वारले होते. तरुणपणी ज्यांच्या आयुष्याची शाश्वती नव्हती ते ७६ वर्षे जगले. चारशेहून अधिक निबंध त्यांच्या नावावर आहेत.

त्यांच्या दोन आकड्यांना एक मर्यादा आहे आणि तीही सांगितली पाहिजे. त्यांनी वेगाच्या प्रमाणातला विरोध धरला, कारण त्याचे गणित सुटते. खरी इमारत तेलात बुडालेली नसते, ती घासते, चिरते, वाकते. भेग पडून भिंत सैल झाली तरी संगणकातला ताठपणाचा वाटा आधीच्याच जोराने आवरत राहिला, तर इमारत आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसते. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी आता अवमंदन नशिबावर न सोडता मुद्दाम बसवतात. तेलाचे दट्टे, घासणाऱ्या पट्ट्या किंवा तैपेईच्या मनोऱ्यात टांगला आहे तसा ६६० टनांचा गोळा. भूजचे जिल्हा रुग्णालय २००१ नंतर पुन्हा बांधताना रबराच्या बैठकांवर उभे केले आहे.

रॅले यांच्या रीतीची सगळ्यात जास्त वेळा परीक्षा झाली ती मात्र सातारा जिल्ह्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे धरण गुरुत्वाच्या विसाव्या भागाइतका आडवा जोर धरून आखलेले होते. धरणाच्या आतल्या बोगद्यात बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे गुरुत्वाच्या जवळपास निम्मा जोर नोंदवला. धरणाचा उतार जिथे बदलतो तिथे, वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, पण धरण उभे राहिले. पुढे बाहेरून काँक्रीटचे टेकू देऊन ते पक्के केले. त्या काही सेकंदांच्या नोंदीचे आकडे आजही जगभरच्या विद्यापीठांत संगणकाला पुरवले जातात. काँक्रीटच्या धरणावर नवी गणिती पद्धत तपासायची असेल तर ती कोयनेच्या भेगा बरोबर त्याच जागी दाखवते का, हे आधी पाहतात. आणि त्यासाठी अवमंदन ३ टक्के धरायचे की ५, यावर अजूनही वाद होतात.